मदत हवी आहे: पुरातून वाचलेल्या निगेटिव्ह आणि जुने फोटो स्कॅन करण्यासाठी कोणता फ्लॅटबेड स्कॅनर घ्यावा?

नमस्कार. घरातील जुने फोटो आणि निगेटिव्ह डिजिटल करण्यासाठी फ्लॅटबेड (सपाट काचेवर वस्तू ठेवून स्कॅन करणारा) स्कॅनर घ्यायचा आहे. त्याबाबत ज्यांनी हे काम स्वतः केले आहे अशा मंडळींचे मार्गदर्शन हवे आहे.

आमचे मूळ घर चिपळूणला आहे. जुलै २०२१ च्या पुरात तळमजल्यावरच्या कपाटातले बहुतेक अल्बम भिजले. काही फोटो एकमेकांना कायमचे चिकटले, तर काहींचा वरचा थरच कागदावरून सुटून आला. निगेटिव्ह मात्र माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत होत्या, म्हणून वाचल्या. आजी-आजोबांच्या पिढीतील कित्येक माणसांचा एकही फोटो आता नातेवाइकांपैकी कोणाकडे नाही. जे काही उरले आहे ते या ट्रंकेत आहे. त्यामुळे काम वेळखाऊ असले तरी चालेल, पण ते एकदाच आणि नीट व्हावे अशी मनापासून इच्छा आहे.

खरी अडचण निगेटिव्हच्या आकारांची आहे, म्हणून ते थोडे तपशिलाने लिहितो. सर्वांत जास्त निगेटिव्ह १२० च्या रोलच्या, म्हणजे ६ बाय ६ सेंटिमीटरच्या, कृष्णधवल आहेत. आजोबांकडे आग्फा क्लिक थ्री हा कॅमेरा होता आणि बरेचसे रोल ऊटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचे, ‘इंदू’ या नावाचे आहेत. या पट्ट्या तीन-तीन, चार-चार फ्रेमच्या कापलेल्या असून वर्षानुवर्षे गुंडाळून ठेवल्यामुळे त्यांना चांगलाच बाक आला आहे. त्यानंतर १९८५ च्या पुढच्या ३५ मिलिमीटरच्या रंगीत पट्ट्या आहेत, त्यांवर धूळ आणि ओरखडे भरपूर आहेत. तिसरा गट संख्येने अगदी लहान, पण आमच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा आहे: स्टुडिओत काढलेल्या कौटुंबिक फोटोंच्या मोठ्या सुट्या निगेटिव्ह. पट्टीने मोजल्यावर त्यांतील बहुतेक साधारण ८३ बाय १०८ मिलिमीटरच्या निघाल्या आणि दोन-तीन तर काचेच्या आहेत. याखेरीज वाचलेले फोटो आहेत. त्यांतील काही वाकडेतिकडे झाले आहेत, काहींचा कागद दाणेदार पोताचा आहे आणि लग्नाचा एक मोठा फोटो फ्रेमच्या काचेलाच आतून चिकटला आहे.

दुकानात चौकशी केली तर सगळीकडे यूएसबीवर चालणारे पातळ स्कॅनर दाखवतात. कॅनन लाइड ४०० च्या खोक्यावर ४८०० डीपीआय (एका इंचात टिपले जाणारे ठिपके) लिहिलेले आहे, किंमतही परवडणारी आहे. पण त्याच्या झाकणात दिवा नसल्यामुळे त्यावर निगेटिव्ह स्कॅन होत नाही, एवढे माझ्या लक्षात आले आहे. निगेटिव्हसाठी वाचनात सारखे एप्सन परफेक्शन व्ही ६०० चे नाव येते. व्ही ८५० अधिक चांगला असल्याचे सर्वत्र म्हटले आहे, परंतु तो माझ्या आवाक्याबाहेर आहे. माझी तयारी चाळीस हजारांपर्यंत खर्च करण्याची आहे.

आता प्रश्न. व्ही ६०० च्या माहितीपत्रकात ६४०० डीपीआयचा दावा आहे. प्रत्यक्षात ६ बाय ६ आणि ३५ मिलिमीटरच्या फ्रेममधून किती तपशील हाती लागतो? त्यातील धूळ व ओरखडे काढणारी डिजिटल आइस ही सोय माझ्या कृष्णधवल निगेटिव्हवर उपयोगी पडेल का? मोठ्या निगेटिव्ह त्यावर बसतील का? आणि केवळ फोटोंसाठी पातळ स्कॅनर वेगळा घेऊन निगेटिव्ह दुसऱ्या मार्गाने कराव्यात, हा विचार कितपत व्यवहार्य आहे? गावातील एका दुकानात नमुन्यादाखल काही निगेटिव्ह दिल्या होत्या, पण तिथे त्या मोबाइलच्या उजेडावर धरून फोटो काढून दिले गेले, त्यामुळे बाहेरून काम करून घेण्याचा पर्याय सध्या बाजूला ठेवला आहे.

प्रतिसाद १

आपण निगेटिव्ह मोजून आकार दिलेत, त्यामुळे नेमके उत्तर देता येईल. स्कॅनर कोणता घ्यावा हे फिल्मच्या आकारावरून ठरते. खोक्यावरचा डीपीआय त्यानंतर येतो.

स्वतंत्र चाचण्यांमध्ये व्ही ६०० प्रत्यक्षात साधारण १५०० डीपीआयच्या आसपासच तपशील देतो असे दिसून आले आहे. हा आकडा निराशाजनक वाटेल, पण तो फ्रेमच्या आकाराशी ताडून पाहा. ३५ मिलिमीटरची फ्रेम २४ बाय ३६ मिलिमीटरची असते; १५०० डीपीआयने तिच्यातून सुमारे १४१७ बाय २१२६, म्हणजे ३ मेगापिक्सेलच खरे हाती लागतात. ४ बाय ६ इंची प्रिंटला ते पुरते, भिंतीवर लावण्याच्या फोटोला नाही. तुमच्या १२० च्या फ्रेमची बाजू मात्र जवळपास ५६ मिलिमीटर भरते, म्हणजे ३३०० च्या वर पिक्सेल बाय तेवढेच, एकूण ११ मेगापिक्सेलच्या घरात. त्यातून ११ इंची चौरस प्रिंट ३०० डीपीआयने सहज निघेल. क्लिक थ्री हा साध्या भिंगाचा कॅमेरा होता, त्यामुळे याहून अधिक तपशील मुळात निगेटिव्हमध्येच क्वचित असेल. तुमच्याकडे १२० च्या निगेटिव्ह सर्वांत जास्त असल्याने व्ही ६०० ही योग्य निवड आहे, हे मी निःशंकपणे सांगतो. प्लस्टेकचा ऑप्टिकफिल्म ८२००आय ३५ मिलिमीटरच्या पट्टीतून कितीतरी अधिक तपशील काढतो, पण त्यात १२० ची फिल्म जातच नाही.

स्कॅन करताना २४०० डीपीआय ठेवा. ६४०० वर नेल्यास वेळ जातो आणि फाइल फुगते, तपशील वाढत नाही. २४०० ला १६ बिट ग्रेस्केलमध्ये तुमच्या एका चौरस फ्रेमची टिफ फाइल सुमारे ५६ एमबीची होईल. ती मूळ प्रत म्हणून जपून ठेवावी आणि नातेवाइकांना पाठवण्यासाठी तिच्यावरून जेपेग काढावी.

डिजिटल आइस अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या, प्रकाशावर चालते. रंगीत निगेटिव्हमधील रंगद्रव्यातून हा प्रकाश आरपार जातो आणि धुळीपाशी अडतो, त्यामुळे धूळ नेमकी कुठे आहे हे यंत्राला कळते. पारंपरिक कृष्णधवल फिल्ममध्ये चित्र चांदीच्या कणांचेच असते आणि चांदी अवरक्त प्रकाश अडवते, म्हणून यंत्र चित्रालाच धूळ समजून पुसू लागते. इंदूच्या सर्व पट्ट्यांसाठी ही सोय बंद ठेवा. १९८५ नंतरच्या रंगीत पट्ट्यांसाठी ती आवर्जून वापरा, तिथे तुमचे तासन्‌तासांचे हातकाम वाचेल. कृष्णधवल पट्ट्यांवर ब्लोअर आणि मऊ ब्रश हेच साधन.

बाक आलेल्या पट्ट्यांबाबत घाई करू नका. व्ही ६०० च्या होल्डरची, म्हणजे फिल्म धरणाऱ्या चौकटीची, उंची बदलता येत नाही, त्यामुळे फिल्म मध्ये झुकली की फोकस जातो. पट्ट्या पॉलिप्रॉपिलीनच्या पाकिटांत घालून जाड पुस्तकांखाली काही आठवडे दाबून ठेवा. पीव्हीसीची पाकिटे टाळा. फिल्म थेट काचेवर ठेवल्यास तिची गुळगुळीत बाजू काचेला टेकून इंद्रधनुषी कडी उमटतात, शिवाय स्कॅनरचा फोकस होल्डरच्या उंचीवर असतो तो वेगळाच.

मोठ्या निगेटिव्ह ही खरी अडचण आहे. व्ही ६०० च्या झाकणातील प्रकाशपट्टी सुमारे ६८ मिलिमीटर रुंद आहे, तुमची निगेटिव्ह ८३. ती दोन भागांत, थोडा भाग सामायिक ठेवून, स्कॅन करून संगणकावर जोडता येते. मात्र एक्स्पोजर स्वयंचलित न ठेवता दोन्ही वेळा हाताने एकच ठेवावे लागते, नाहीतर सांध्यावर उजेडाची रेघ दिसते. माझ्या मते या थोड्या निगेटिव्हसाठी, आणि काचेच्या निगेटिव्हसाठी तर नक्कीच, ओळखीच्या कोणाचा चांगला कॅमेरा, मॅक्रो लेन्स आणि एकसारखा उजेड देणारे एलईडी पॅनेल वापरावे. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने ८३ बाय १०८ मिलिमीटरची निगेटिव्ह पूर्ण चौकटीत घेतली तरी १२०० डीपीआयच्या आसपास तपशील मिळतो, आणि जुनी काच स्कॅनरवर दाबली जाऊन तडकण्याची भीती राहत नाही.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. फोटोंविषयी थोडी भर घालतो.

पातळ स्कॅनरमध्ये सीआयएस सेन्सर असतो. काचेला अगदी टेकलेली वस्तूच तो स्पष्ट टिपतो. एखादा मिलिमीटर वर उचललेला भागही धूसर येतो. व्ही ६०० मध्ये सीसीडी सेन्सर आणि भिंग आहे, त्याला खोलीची बरीच मुभा असते. तुमचे पुरात वाकलेले फोटो पाहता पातळ स्कॅनर वेगळा घेण्यात अर्थ नाही. काचेला चिकटलेला लग्नाचा फोटो तर कृपया सोडवू नका. चौकट काढून काचेसकट स्कॅनरवर ठेवा. सीसीडीवर तो काचेतूनही समाधानकारक येईल. सोडवायला गेलात तर चेहऱ्यावरचा थर काचेवरच राहील. तो स्कॅनरच्या काचेपेक्षा मोठा असेल, तर भाग पाडून घ्या.

दाणेदार कागदाच्या फोटोंवर स्कॅनरचा दिवा एकाच बाजूने पडतो आणि प्रत्येक दाणा चमकतो. फोटो एकदा सरळ आणि एकदा १८० अंशांत फिरवून स्कॅन करावा, मग दोन्ही प्रती एकावर एक ठेवून सरासरी घ्यावी. पोत बराच दबतो. साध्या फोटोंना ६०० डीपीआय पुष्कळ झाले.

बुरशी आलेल्या निगेटिव्हला पाण्याचा स्पर्शही होऊ देऊ नका. बुरशीने जिलेटिनचा थर पोखरलेला असतो आणि तो पाण्यात विरघळू शकतो, त्याबरोबर चित्रही जाते. आधी आहे त्या स्थितीत स्कॅन करा, सफाईचा विचार नंतर. ट्रंक उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास येतो का, तेही पाहा. तसा वास असलेल्या फिल्मचा ॲसिटेटचा पाया विघटित होऊ लागलेला असतो आणि तिच्यातून निघणारे आम्ल शेजारच्या फिल्मलाही बाधते; अशा पट्ट्या वेगळ्या काढून सर्वांत आधी स्कॅन कराव्यात.

धागाकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. लग्नाचा फोटो सोडवून घेण्यासाठी देण्याचे जवळजवळ ठरले होते, ते आता थांबवतो.

आंबट वासाबद्दल वाचून ट्रंक पुन्हा उघडून पाहिली. एका पाकिटातील मोठ्या निगेटिव्हना तसा वास स्पष्ट येत आहे आणि त्यांच्या कडा किंचित आक्रसल्या आहेत. त्या लगेच वेगळ्या काढून कागदी पाकिटांत ठेवल्या आहेत. त्यामुळे क्रम बदलतो: आधी या मोठ्या निगेटिव्ह कॅमेऱ्याने, मग इंदूच्या पट्ट्या आणि शेवटी रंगीत पट्ट्या व्ही ६०० वर.

दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. माझी बहीण अमेरिकेत असते आणि ती येताना स्कॅनर आणू शकते, परंतु तिकडचा वीजपुरवठा १२० व्होल्टचा आणि आपला २३० चा, शिवाय तिथे घेतलेल्या यंत्राची वॉरंटी इथे मान्य होईल का, हा प्रश्न उरतोच. व्ही ६०० असा बाहेरून आणून कोणी वापरत असल्यास ॲडॉप्टरवर किती व्होल्टची मर्यादा छापलेली आहे, ते पाहून कृपया कळवावे.

दुसरे म्हणजे, रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर किंवा पुणे येथे कोणाकडे हा स्कॅनर असेल आणि हरकत नसेल, तर खरेदीपूर्वी १२० ची एक बाक आलेली पट्टी आणि एक रंगीत पट्टी त्यावर लावून पाहायची आहे. पट्ट्या घेऊन मी स्वतः येईन. येण्याजाण्याच्या अंतराची अडचण नाही.