प्लॉट आमचा, आरक्षण बगीच्याचं. मग आम्ही मालक कशाचे?

पूर्व नागपूरकर (धागाकर्ता)

माझं मत आधीच सांगतो. शहराच्या विकास आराखड्यात बगीचा, मैदान अशा कामासाठी खाजगी जमिनीवर आरक्षण टाकायचं, पंचवीस वर्षं जमीन घ्यायची नाही, मोबदला द्यायचा नाही आणि मालकाला बांधूही द्यायचं नाही, हा उघड अन्याय आहे. ठरावीक मुदतीत जमीन घेतली नाही तर आरक्षण आपोआप उठलं पाहिजे. मालकानं अर्ज-विनंत्या करायची वेळ येऊ नये.

आता माझी गोष्ट. बाबा गिरणीत होते. १९८९ साली एका गृहनिर्माण संस्थेच्या ले-आऊटमध्ये त्यांनी १५०० फुटांचा प्लॉट घेतला. दोन वर्षं हप्ते भरले, शेवटच्या हप्त्याला आईचा गोफ मोडला आणि रजिस्ट्री लावली. तो कागद आजही लोखंडी पेटीत आहे. मौजा, खसरा नंबर, प. ह. नंबर, चतुःसीमा, सगळं त्यात लिहिलेलं आहे. १९९४ ला दोन खोल्या बांधल्या, वर टिना. तेव्हापासून घरटॅक्स भरतो. नळ आहे, मीटर आहे, मतदार यादीत नाव आहे.

यंदा वरचा मजला चढवायला कर्ज मागितलं. बँक म्हणाली, आर. एल. आणि मंजूर नकाशा आणा. (बाहेरगावच्यांसाठी : आर. एल. म्हणजे नियमितीकरणाचं पत्र. नागपुरात प्लॉटचा सौदा करताना भावाच्या आधी त्याचीच चौकशी होते.) कार्यालयात गेलो. तिथल्या बाईंनी नकाशा पसरला, बोटानं खसरा शोधला आणि म्हणाल्या, ‘तुमची पूर्ण ओळ बगीच्यात आहे.’ २००० सालच्या आराखड्यातलं आरक्षण. ते उठल्याशिवाय आर. एल. नाही.

आमच्या ओळीत अठरा घरं आहेत. तिथे बगीचा कधी होणार आणि आम्ही कुठे जाणार, हे कोणीच सांगत नाही. तुम्हाला काय वाटतं?

इतवारीवाला

शंभर टक्के सहमत. सार्वजनिक कामाला जमीन लागते ना, मग पैसे मोजा आणि घ्या. घ्यायचीही नाही आणि सोडायचीही नाही, हे फुकट दाबून ठेवणं झालं.

निवृत्त नगररचना

भाऊ, तुमचा त्रास खरा आहे. पण तुमचा राग चुकीच्या दारावर जातो आहे, असं मला वाटतं. एकतीस वर्षं मी हेच काम केलं, आधी ट्रेसिंग कागदावर आणि शेवटची काही वर्षं संगणकावर.

१९८९ ला बाबांनी प्लॉट घेतला तेव्हा ती जमीन अकृषक झाली होती का? ले-आऊटचं रेखांकन मंजूर होतं का? माझ्या अंदाजानं दोन्ही नाही. वावरात चुन्याच्या रेघा मारल्या, मधून वीस फुटांची वाट सोडली आणि तुकडे विकले. नागपुरात असे ले-आऊट इतके झाले की लोक त्यांना आकड्यांनीच ओळखतात : ५७२ वाले, १९०० वाले. अशा मंजुरीविना पाडलेल्या तुकड्यांना नियमित करायला २००१ चा गुंठेवारी कायदा आला. १ जानेवारी २००१ पर्यंतच्या भूखंडांना सवलत होती. २०२१ मध्ये ती तारीख ३१ डिसेंबर २०२० वर नेली. तारीख अशी पुढे सरकली की नवा ले-आऊट टाकणाऱ्याला विकायला वाक्य मिळतं, ‘घेऊन टाका, पुढे नियमित होतंच.’ या वाक्यानं शहराचं जेवढं नुकसान केलं, तेवढं आरक्षणांनी केलेलं नाही.

मंजूर रेखांकनात जमीन ०.४ हेक्टर म्हणजे साधारण एक एकर झाली, की दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. शिवाय रस्ते, नाल्या, विजेचे खांब. संस्थांनी ते सोडलं नाही. मग पोरांना खेळायला मैदान, म्हाताऱ्यांना बसायला बगीचा आणायचा कुठून? आराखडा करणाऱ्याला जी जागा रिकामी दिसते, तिच्यावरच हिरवा रंग पडतो. आरक्षणं आपोआप उठू लागली तर दहा वर्षं नुसतं गप्प बसणाऱ्या कार्यालयामुळे शहराची मैदानं जातील. मला ते मान्य नाही.

पूर्व नागपूरकर

काका, तुम्ही अनुभवी आहात म्हणून विचारतो. आराखडा २००० चा आणि आमचं घर १९९४ चं. रिकामी जागा कुठे होती? मोजायला आलेल्या माणसाला आमच्या अंगणातली तुळस दिसली नाही का?

निवृत्त नगररचना

हा प्रश्न रास्त आहे आणि मी तो टाळणार नाही. आराखड्याच्या आधी विद्यमान भूवापराचा नकाशा होतो. कुठे घर, कुठे शेत, कुठे तलाव. मग प्रारूप, हरकती, सुनावण्या, शासनाची मंजुरी. यात वर्षं जातात, आणि बहुतेक तुमचं घर त्या मधल्या काळात उभं राहिलं. हरकती मागवल्याची सूचना वर्तमानपत्रात येते, पण गिरणीतून पाळी करून आलेला माणूस ती वाचेल अशी अपेक्षा ठेवणंच चूक होतं. एवढं मी मान्य करतो.

कोर्टाजवळचा वकील

दोन गोष्टींची गल्लत होते आहे. मालकी एक आणि वापराची परवानगी दुसरी. पक्षकार पेटीतून कागद काढतात आणि म्हणतात, ‘रजिस्ट्री आहे, सातबारा आहे, अजून काय पाहिजे?’

सातबारा आणि फेरफार महसुलासाठी असतात. जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे त्या नोंदी उलट सिद्ध होईपर्यंत खऱ्या धरल्या जातात, पण त्यांनी मालकी जन्माला येत नाही. शहरात मोजणी झालेल्या भागात आखीव पत्रिका असते, तिचंही तेच. मालकी येते नोंदणीकृत विक्रीपत्रानं. आणि विकणाऱ्याकडे होतं तेवढंच तुम्हाला मिळतं. म्हणून पहिला प्रश्न संस्थेबद्दल : तिच्या नावे शेतकऱ्यानं विक्रीपत्र केलं होतं, की नुसता करारनामा आणि आममुखत्यारपत्र होतं? असल्या मुखत्यारपत्राच्या विक्रीनं मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये स्पष्ट केलं आहे. नागपुरातल्या कितीतरी जुन्या ले-आऊटांची खरी अडचण इथे आहे.

मालकी पक्की निघाली तरी जमिनीवर काय करायचं हे नगररचना कायदा ठरवतो. संपत्तीचा हक्क १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीपासून मूलभूत राहिलेला नाही. तो अनुच्छेद ३०० अ मध्ये आहे : कायद्याच्या आधाराशिवाय कोणाची मालमत्ता काढून घेता येत नाही.

आता तुमच्या कामाचं. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यात कलम १२७ आहे. अंतिम आराखडा लागू होऊन दहा वर्षं झाली आणि जमीन घेतली नाही, तर मालक खरेदी सूचना देऊ शकतो. सूचना मिळाल्यापासून २४ महिन्यांत संपादन झालं नाही किंवा तशी पावलं पडली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे उठतं, आणि शेजारच्या जमिनीला जो वापर चालतो तो तुम्हालाही चालतो. म्हणजे तुम्ही मागता आहात ते कायद्यात आहे, फक्त आपोआप होत नाही. सूचना द्यावी लागते.

पूर्व नागपूरकर

हे कलम मला पंचवीस वर्षांत कोणी सांगितलं नाही. कार्यालयातही नाही.

नागनदीकाठची

मी तुमच्या विरुद्ध लिहिते आहे, दादा, राग मानू नका.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट. काही तासांत १०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नाग नदी आमच्या स्वयंपाकघरात आली. आधी मोरीतून पाणी उलटं वर आलं. मग दाराखालून. गहू-तांदळाची कोठी आडवी होऊन तरंगत होती. सासूबाईंना आम्ही दोघांनी पाटावर बसवून जिन्यानं वर नेलं. भिंतीवर कंबरेएवढी चिखलाची रेघ कितीतरी दिवस राहिली, दोनदा चुना मारला तरी पावसाळ्यात ओल तिथेच दिसते.

आमच्या घराचा नकाशा मंजूर आहे, कर्ज फेडलेलं आहे, कागदात खोट नाही. पाणी आलं ते दुसऱ्यांच्या जमिनींवरून. कोणी नाल्याच्या काठाला भर घातली, कोणी पात्रापर्यंत भिंत ओढली. विचारलं तर उत्तर एकच, ‘माझी जागा आहे.’ मोकळी जमीन पाणी पिते, सिमेंट पीत नाही. जिथे बगीचा दाखवला आहे तो झाला नाही तरी ती जागा निदान मोकळी राहावी, असं मला मनापासून वाटतं. तुमच्या अठरा घरांना मोबदला मिळावा, दुसरी जागा मिळावी. पण शहरातली शिल्लक हिरवी जागा एकेक नोटीस देऊन सुटत गेली तर पुढच्या पुरात आम्ही कोणाकडे बघायचं?

वावरवाला

ताई, तुमचं पटते. पण हिरवा रंग फक्त गरिबाच्याच जमिनीवर काहून पडते, तेही पाहा ना.

आमचं चार एकर वावर आहे हिंगण्याच्या पुढे. नव्या आराखड्यात धुऱ्याच्या अलीकडे आम्ही, ग्रीन झोन, म्हणजे शेतीच. धुऱ्याच्या पलीकडे यलो, म्हणजे घरं बांधता येते. माती तीच, विहिरीचं पाणी तेच, पांधण रस्ता सामाईक. पण पलीकडची जमीन फुटावर विकली जाऊन राहिली आणि आमची एकरावर. कोण्या माणसानं टेबलावर रेघ ओढली आणि आमच्या पोरीच्या शिक्षणाचे पैसे पलीकडे गेले. शेत राखायचं असन तर राखा, शहराला लागतेच ते. पण राखायचा खर्च आम्ही एकट्यानंच काहून भरावा? पलीकडच्याचा भाव वाढला त्यातला वाटा आम्हाला भेटला पाहिजे.

निवृत्त नगररचना

या मुद्द्याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. रेघ कुठेतरी ओढावीच लागते हे खरं, पण रेघेच्या दोन बाजूंचा हिशोब जुळवणारी सोय आपल्याकडे तोकडी आहे. आरक्षणात जाणाऱ्याला निदान टीडीआर (जमिनीच्या बदल्यात दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) मिळतो, शेती विभागातल्याला काहीच नाही.

पूर्व नागपूरकर

टीडीआर मोठ्या जमीनवाल्याला उपयोगी, काका. १५०० फुटांत राहणारा माणूस टीडीआर घेऊन राहील कुठे?

आर्किटेक्ट, प्रतापनगर

मी धागाकर्त्याच्या बाजूनं आहे, पण माझं कारण वेगळं आहे. सगळे ‘अनधिकृत ले-आऊट’ म्हणताना गिरणी कामगाराला दोष देत आहेत. १९८९ मध्ये मंजूर प्लॉट त्याला परवडणारा होता का? त्या काळात १९७६ चा नागरी कमाल जमीन धारणा कायदा होता. मोठ्या जमिनी त्यात अडकल्या आणि विक्रीला रीतसर जमीन कमी आली. महाराष्ट्रानं तो रद्द केला २००७ मध्ये. मधल्या तीस वर्षांत गावातून येणारी माणसं थांबली नव्हती. त्यांनी मिळेल तिथे घर केलं. रीतसर दार अरुंद ठेवलं की लोक कुंपणावरून येणारच.

आजचे नियम बरेच सुधारले आहेत. २०२० च्या बांधकामाच्या एकत्रित नियमावलीत १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवर छोटं घर बांधायला सोपी वाट आहे. नेहमीची लांबलचक छाननी नाही, कागद आणि शुल्क द्यायचं. १५०० फूट म्हणजे १३९ चौरस मीटर. रेखांकन मंजूर आणि आरक्षण नसतं तर यांचा मजला या उन्हाळ्यात चढला असता. एवढ्याशा फरकानं माणूस अडकतो, म्हणून मला नियमितीकरण हवं आहे.

नागनदीकाठची

दार रुंद करा, हे मलाही मान्य. आत येणाऱ्यानं नाल्यावर बसू नये, एवढंच म्हणणं आहे.

निवृत्त नगररचना

पूर्व नागपूरकर, नोटीस देण्याआधी एक गोष्ट तपासा. तुमच्या जागेवरचा बगीचा आराखड्यातला आहे, की संस्थेनं स्वतःच्या नकाशात सोडलेली मोकळी जागा आहे? दोन्ही नकाशावर हिरवेच दिसतात. कलम १२७ फक्त पहिल्याला लागू. ले-आऊटची मोकळी जागा सगळ्या प्लॉटधारकांची असते. झोन दाखला आणि भाग नकाशा काढा, आणि संस्थेचा जुना नकाशा सापडतो का पाहा.

पूर्व नागपूरकर

चार दिवसांनी लिहितो आहे.

झोन दाखला मिळाला. आमचा प्लॉट आराखड्याच्याच आरक्षणात आहे, म्हणजे नोटीस देता येईल. संस्थेचा नकाशा आईनं काढून दिला. अमोनियाची प्रिंट, घड्यांवर फाटलेली, मागून टेप लावलेला. आमचा प्लॉट ४३. खाली डाव्या कोपऱ्यात, विहिरीजवळ, हातानं लिहिलेलं आहे : ‘खेळाचे मैदान’. त्यावर नंतर पेनानं तीन रेघा ओढून ५८ ते ६१ असे आकडे टाकले आहेत. संस्थेनं ते चार प्लॉट विकले. आज तिथे चार घरं आहेत. त्यातल्या एका घरी मी लहानपणी रविवारी टीव्ही पाहायला जायचो.

म्हणजे आमच्या ले-आऊटला मैदान होतं, काका. ते आम्हालाच विकलं गेलं. ताईंचं लिहिणं त्या नकाशाकडे बघताना सारखं आठवत होतं. आमच्या अठरा घरांचं आरक्षण उठावं हे माझं मत कायम आहे, पण पोरांना मैदान नको असं मी आता म्हणू शकत नाही.

वकीलसाहेब, नोटिशीला हा नकाशा जोडावा लागेल का? जोडला तर त्या चार घरांचं काय होईल?

कोर्टाजवळचा वकील

नोटिशीला तुमच्या मालकीचे कागद लागतात : विक्रीपत्र, सातबारा किंवा आखीव पत्रिका, मोजणीची क प्रत. संस्थेचा नकाशा विक्रीपत्राला जोडूनच नोंदवलेला असेल, तर तो त्यासोबत जाईलच. बाबांच्या रजिस्ट्रीची शेवटची पानं पाहा. तो तिथे असेल तर कागद पाठवण्याआधी त्या चार घरी जाऊन नकाशा दाखवून या. त्यांनीही पैसे मोजलेत आणि त्यांच्या पेटीतही तुमच्यासारखीच रजिस्ट्री असेल.