मानधन, मोबदला की वेतन? आशांच्या पैशाला मराठीत काय म्हणायचं

लेखणी :
गाव आरोग्य समितीच्या सदस्यांसाठीची एक इंग्रजी पुस्तिका मराठीत आणायचं काम चालू आहे. आरोग्यावर लावलेला सरकारी आणि सामाजिक पैसा गावाच्या तब्येतीत कसा दिसतो, हा तिचा विषय. तिसऱ्याच पानावर गाडी अडली. मूळ इंग्रजीत अंगणवाडी सेविकेच्या पैशाला एक शब्द आहे, गावात घरोघरी आरोग्याचं काम करणाऱ्या आशाच्या पैशाला दुसरा, आणि उपकेंद्रातल्या नर्सबाईंच्या पैशाला तिसरा. मसुद्यात पहिल्या दोन्हींना 'मानधन' केलं होतं. एका तपासनिसांनी आशाच्या वाक्यात ते खोडून 'मोबदला' केलं. दुसऱ्यांनी त्यावर शेरा मारला : 'मोबदला जमिनीचा मिळतो, बाईला पगार मिळतो.' आता तिन्ही शब्द समासात उभे आहेत. मराठीत यांचे अर्थ खरोखर वेगळे आहेत, की नुसत्या सवयी?

आणखी एक. 'सामाजिक गुंतवणूक' या शब्दाच्या जागी 'सामाजिक खर्च' सुचवलं गेलंय. त्यावरही मत द्या.

जमाखर्च :
सवयी नाहीत, वेगळे अर्थ आहेत. निदान कागदावर तरी आहेत.

अंगणवाडी योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, तेव्हापासून सेविका आणि मदतनीस यांना ठरावीक मासिक रक्कम मिळते. ते मानधन. केंद्राने ऑक्टोबर २०१८ पासून सेविकेला ४५०० आणि मदतनिसाला २२५० रुपये धरले. राज्य त्यावर आपली भर घालतं. महिन्यात किती मुलांची वजनं घेतली यावर ही मूळ रक्कम हलत नाही.

आशाचं तसं नाही. २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानात तिच्यासाठी महिन्याची रक्कम ठेवलीच नव्हती. कागदोपत्री शब्द होता 'कामावर आधारित मोबदला'. नवजात बाळाच्या घरभेटींचे २५० रुपये. ग्रामीण भागात जननी सुरक्षा योजनेत एका बाळंतपणामागे ६००, त्यात ३०० गरोदरपणातल्या तपासण्यांचे आणि ३०० दवाखान्यातल्या बाळंतपणाचे. कुष्ठरुग्णाचे उपचार पुरे करून घेतले तर असांसर्गिक रुग्णामागे ४०० आणि सांसर्गिक रुग्णामागे ६००. पहिला उपचार सहा महिन्यांचा, दुसरा बारा महिन्यांचा; म्हणजे सांसर्गिक रुग्णामागे महिन्याला ५० रुपये पडतात.

पण २०१८ नंतर सर्वेक्षण, नोंदवही, बैठक असल्या नेहमीच्या कामांसाठी महिना २००० रुपये ठरले, आणि २०२५ मध्ये ते ३५०० करण्याचा निर्णय झाला. राज्याचा वाटा वेगळा. तेव्हा आजच्या आशाचा पैसा अर्धा मानधनासारखा आणि अर्धा मोबदला आहे. एकच शब्द लावलात तर एक बाजू खोटी पडेल.

नर्सबाईंचंही तपासून घ्या. कायम असतील तर वेतन. अभियानातल्या कंत्राटी असतील तर त्यांच्या आदेशातही 'एकत्रित मानधन' असतं.

धातुपाठ :
'मानधन' हा शब्द उलटा फिरून आलेला आहे. संस्कृतात तो बहुव्रीही : मान हेच ज्याचं धन, असा माणूस. भारवीच्या किरातार्जुनीयात पहिल्याच सर्गात दुर्योधनाच्या योद्ध्यांचं वर्णन 'मानधना धनार्चिताः' असं येतं. मान हेच त्यांचं धन, आणि राजाने त्यांना वर रोकड धन देऊनही गौरवलंय. दोन विशेषणं शेजारी शेजारी आहेत, एकाने दुसऱ्याची जागा घेतलेली नाही. मराठीत आपण त्याचा तत्पुरुष केला : मानापोटी दिलेलं धन. लेखक, परीक्षक, तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक यांच्यापर्यंत तो पोचला, तिथून योजनांमध्ये शिरला.

'मोबदला' अरबीतून फारसीमार्गे आला. बदल, बदली, बदला सगळे एकाच मुळाचे. एक दिलं, त्याच्या बदल्यात दुसरं घेतलं. जमिनीच्या संपादनात तो म्हणूनच चपखल बसतो. कामालाही बसतो, पण त्यात काम करणारं माणूस दिसत नाही, फक्त देवघेव दिसते.

देशीकार :
मग सरळ 'वेतन' लिहा ना! कौटिल्यापासून चालत आलेला शब्द आहे, अर्थ निःसंदिग्ध आहे. मोबदला, मुशाहिरा, तनखा यांची गरज काय? आरोग्यासारख्या विषयात तरी भाषा स्वच्छ असावी. 'वेतन' नको असेल तर 'श्रममूल्य' करा.

ओसरी :
'श्रममूल्य' वाचून समितीतल्या एकाही सदस्याला कळणार नाही की हा बँकेत जमा होणारा पैसा आहे. आणि 'पगार' कुठून आला? पोर्तुगीजांकडून. आज त्याच्याइतका घरातला शब्द दुसरा नाही. 'भत्ता' शुद्ध आपला, 'भक्त' म्हणजे शिजवलेला भात त्याच्या मुळाशी आहे. पण म्हणून पगाराला भत्ता म्हणता येत नाही. मूळ कुठलं यावर शब्द निवडू नका, तो कुठल्या कामाला लागलाय ते पाहा.

प्रत्यक्ष काम करणाऱ्या बायका तर 'पेमेंट' म्हणतात. 'या महिन्याचं पेमेंट पडलं का?'

देशीकार :
बायका काय म्हणतात यावर पुस्तिकेची भाषा ठरवायची असेल तर अनुवाद करताच कशाला? छापील शब्दाने बोलीला वाट दाखवायची असते. आणि 'वेतन' म्हणा हा माझा आग्रह मुळाखातर नाही, हक्काखातर आहे. वेतन मागता येतं, मान मागता येत नाही.

पायवाट :
देशीकारांचा शेवटचा मुद्दा मान्य, पण पुस्तिकेत आज 'वेतन' छापलं तर समिती सदस्य चुकीच्या गोष्टीवर लक्ष ठेवतील. पैसा कसा सुटतो ते पाहा म्हणजे 'मोबदला' हा शब्द किती टोकदार आहे ते कळेल.

दवाखान्यात बाळंतपण झालं तर आशाने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जायचं. घरीच झालं असेल तर पहिल्या दिवशीही, म्हणजे एकूण सात भेटी. प्रत्येक भेटीत हात धुणं, बाळाला झोळीत घालून वजन, काखेत तापमापी, पूर्ण एक मिनिट श्वास मोजणं (शांत बाळाचे ६० किंवा जास्त भरले तर पुन्हा मोजायचे, पुन्हा तेवढेच आले तर धोका), नाळ, अंगावर पाजणं, आईचा रक्तस्राव आणि ताप. फॉर्म भरायचा, नर्सबाईंची सही, आशांवर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तकाची पडताळणी, वैद्यकीय अधिकाऱ्यांची मंजुरी, मग तालुक्यातून खात्यात. २५० भागिले सहा, म्हणजे भेटीमागे बेचाळीस रुपयेही नाहीत.

आता अट बघा. २०११ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे हे पैसे ४५ व्या दिवशी द्यायचे, आणि त्यासाठी जन्मवजनाची नोंद हवी, बीसीजी आणि पोलिओ-त्रिगुणीचे पहिले डोस हवेत, जन्मनोंदणी हवी, आणि ४२ व्या दिवसापर्यंत आई व बाळ दोघंही सुखरूप हवेत. म्हणजे जिथे बाळ सगळ्यात नाजूक होतं, जिथे आशा रात्री-अपरात्री धावली आणि तरीही बाळ गेलं, तिथे अटीच्या शब्दांप्रमाणे तिच्या भेटींना किंमत नाही. वेतनात असं होऊ शकत नाही. मानधनातही नाही. हे फक्त 'मोबदल्या'त होतं, कारण बदल्यात मागितलेली वस्तू भेट नव्हती, जिवंत बाळ होतं.

दुसरी अडचण माहेरची. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत. तपासण्या सासरच्या आशाने करून घेतलेल्या, बाळंतपण आणि पहिले आठवडे माहेरच्या आशाकडे, महिन्याने बाळंतीण परत. सहा भेटी दोघींत वाटल्या गेल्या की फॉर्म कोणाचाच पुरा होत नाही. पुढे दोन्ही गावांच्या आशांना भेटीगणिक पैसे देण्याची तरतूद झाली, पण त्यासाठी माता-बाल कार्डावर प्रत्येक भेटीची तारीख आणि सही लागते. कार्ड माहेरी विसरलं की हिशेब तिथेच थांबतो. ऊसतोडीच्या पट्ट्यात याच्याही पलीकडचं; तिथे बाळंतीण महिन्याभरात तिसऱ्याच तालुक्यातल्या फडावर असते.

जमाखर्च :
यात भर. ज्या कामाला दर आहे ते होतं, ज्याला नाही ते मागे पडतं. तीस वर्षांवरच्या माणसांचा मधुमेह-रक्तदाबाचा 'सीबॅक' फॉर्म भरण्याचे १० रुपये आहेत. कोणत्या आशाने किती फॉर्म भरले हे संध्याकाळपर्यंत कळतं. पण फॉर्ममधून सापडलेला रक्तदाबाचा रुग्ण सहा महिने गोळी घेतोय का, या पाठपुराव्याचे रुग्णामागे ५० रुपये, तेही सहा महिन्यांनी. आरोग्याचा फायदा दुसऱ्या कामात आहे, पैशाचा ओढा पहिल्याकडे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये म्हणूनच सांगितलं की अशा कार्यकर्त्यांना कामाच्या बोजाला साजेसा पैसा द्या, आणि तो सगळा किंवा मुख्यतः कामगिरीवर बांधू नका.

कलम :
'वेतन मागता येतं, मान मागता येत नाही' हे आता कायद्याने पुरतं खरं राहिलेलं नाही. गुजरातमधल्या दाहोद जिल्ह्यातल्या अंगणवाडी सेविकांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २५ एप्रिल २०२२ रोजी ठरवलं की सेविका आणि मदतनीस १९७२ च्या उपदान (ग्रॅच्युइटी) कायद्याखाली येतात. सरकारी बाजूचं म्हणणं होतं की हे मानधन आहे, वेतन नव्हे. न्यायालयाने कायद्यातली वेतनाची व्याख्या पाहिली, कामावर असताना मिळणारी सगळी प्राप्ती त्यात बसते, आणि मानधनही त्यातच धरलं.

हिशेब सोपा आहे : शेवटची मासिक रक्कम भागिले २६, गुणिले १५, गुणिले सेवेची वर्षं. मानधन १०,००० आणि सेवा २० वर्षं असेल तर सुमारे १,१५,३८५ रुपये. पाच वर्षांची सलग सेवा हवी.

पण त्याच न्यायालयाने २००६ मध्ये, कर्नाटकच्या प्रकरणात, अंगणवाडी सेविका शासकीय पदावर नाहीत असं म्हटलं होतं. तो निकालही उभा आहे. तेव्हा मानधन हे उपदानापुरतं वेतन, पण मानधन घेणारी सरकारी नोकर नव्हे. आणि २०२२ चा निकाल अंगणवाडीचा आहे, आशांचा नाही.

ओसरी :
म्हणजे शब्दाने काही अडत नाही, हेच सिद्ध झालं.

कलम :
उलट. त्या एका शब्दाच्या आडून १९७५ पासून २०२२ पर्यंत उपदान नाकारता आलं.

धातुपाठ :
खरी चूक पैशाच्या शब्दात नाही, बाईच्या शब्दात आहे. आशा या इंग्रजी आद्याक्षरांच्या नावातलं शेवटचं अक्षर ज्या शब्दाचं (अ‍ॅक्टिव्हिस्ट), त्याचा अर्थ कार्यकर्ती, चळवळ करणारी. आपल्या शासन निर्णयांत मात्र 'आशा स्वयंसेविका' आहे. कार्यकर्तीची स्वयंसेविका झाली की तिचा पगार आपोआप मानधन होतो, कारण स्वयंसेवकाला वेतन कसं देणार? लेखणी, तुमच्या पुस्तिकेत 'स्वयंसेविका' असेल तर ते आधी काढा.

पायवाट :
ही वाट जुनी आहे. २ ऑक्टोबर १९७७ ला गावागावांत एक आरोग्यसेवक नेमायची योजना आली, महिना ५० रुपये आणि औषधांची पेटी. त्याचं इंग्रजी नाव आधी 'कामगार' या अर्थाचं होतं, १९८० मध्ये 'स्वयंसेवक' झालं, १९८१ मध्ये 'मार्गदर्शक'. पैसे तेवढेच राहिले, नाव मात्र कामगारापासून दूर गेलं.

गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेने शब्द निवडला तो 'आरोग्यदूत'. ३९ गावांत या बायकांनी घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली, आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. आज आशा ज्या घरभेटी करते त्यांचा पाया तोच.

देशीकार :
'आरोग्यदूत' उत्तम शब्द आहे. पण दूतालाही खावं लागतं. जुन्या शब्दापेक्षा आजचा दर महत्त्वाचा, हे मी मान्य करतो. म्हणूनच म्हणतो की 'वेतन' लिहा. २०१३ च्या ४५ व्या भारतीय श्रम परिषदेनेही योजनांमधल्या बायकांना कामगार मानून किमान वेतन द्यावं अशी शिफारस केली होती.

कलम :
शिफारस म्हणजे आदेश नव्हे. पुस्तिकेने आज जे आहे ते सांगावं. जे असावं ते वेगळ्या चौकटीत सांगता येईल.

लेखणी :
बरंच हाती आलं. तूर्त असं करते आहे : अंगणवाडीला 'मानधन', आशाला 'मोबदला व ठरावीक मासिक रक्कम', 'स्वयंसेविका' काढून 'आशा कार्यकर्ती'. पण 'गुंतवणूक' राहिलंच.

जमाखर्च :
'सामाजिक खर्च' अजिबात नको. अर्थसंकल्पात उपकेंद्राची इमारत बांधली की तो भांडवली खर्च. आशाचा पैसा, औषधं, पगार हे महसुली. म्हणजे हिशेबाच्या भाषेत भिंत ही मालमत्ता आणि बाळाचे श्वास मोजणं हा नुसता खर्च. डोंगरी-आदिवासी भागात ३००० आणि सपाटीवर ५००० लोकांमागे एक उपकेंद्र हे प्रमाण आहे. इमारत उभी राहते, उद्घाटन होतं, आणि नर्सबाईंची जागा रिकामी. 'गुंतवणूक' शब्द माणसांवरच्या पैशालाही लागू होतो हे समितीला सांगायचं असेल तर तोच शब्द ठेवा.

ओसरी :
'गुंतवणूक' म्हटलं की लोक व्याज किती विचारतात. आरोग्याला परतावा मोजून पैसा द्यायचा का? मग म्हाताऱ्यांवर काय लावणार? 'तरतूद' जास्त योग्य.

जमाखर्च :
तरतूद कागदावर होते आणि मार्चअखेर परतही जाते. गुंतवलेला पैसा सहज सोडवता येत नाही, 'गुंतणे' यातच ते आहे.

धातुपाठ :
'गुंतणे'चा अर्थ अडकणेही होतो हे लक्षात घ्या.

पायवाट :
लेखणी, एक चौथा शब्द तुमच्या यादीत नाही. गटप्रवर्तक. सुमारे वीस आशांवर देखरेख करणारी ही बाई. केंद्राच्या पैशात तिला मानधन नाही आणि मोबदलाही नाही. २०१८ मध्ये पर्यवेक्षणाच्या भेटीमागे २५० चे ३०० रुपये झाले, महिन्याला साधारण वीस भेटी धरून. मराठीत त्याला सर्रास 'प्रवासभत्ता' म्हणतात. बसभाडं, पेट्रोल त्यातूनच जातं, आणि घर चालवायला जे उरेल तेही त्यातलंच. त्याला पुस्तिकेत काय म्हणणार आहात?