पाया खचला तर घराचा विमा पैसे देतो का?

काळी_माती_परभणी
बारा वर्षांचं लोड-बेअरिंग घर (भार भिंतींवरच, कॉलम नाहीत), खाली काळी माती. 'भारत गृह रक्षा' ही घराच्या विम्याची पॉलिसी आहे. शेजारी तळघरासाठी खोदकाम सुरू झाल्यापासून दोन खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या भेगा गेल्यात. क्लेम बसेल का?

विमा_सल्लागार
भेग कितीही मोठी असो, कारण काय यावर ठरतं. भूकंप, पूर, दरड, जमीन खचणं हे या पॉलिसीत येतं. पण 'जमीन खचणं' या कलमाखालचे अपवाद नीट वाचा: नव्या बांधकामाचं नेहमीचं बसणं, भराव टाकलेल्या जमिनीचं सरकणं, नदी-समुद्राने केलेली धूप, सदोष डिझाइन किंवा काम, आणि खोदकाम. तुमचं प्रकरण शेवटच्यात अडकतं. शेड्यूलमध्ये (पॉलिसीसोबतच्या तपशिलाच्या पानात) पाया आणि जोतं वगळलंय का, तेही बघा.

स्ट्रक्चरल_इंजिनिअर
आधी कारण पक्कं करा. काळी माती उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते. त्यामुळे तिच्यामुळे पडलेली भेग ऋतूप्रमाणे उघडते-मिटते. खोदकामाची भेग खड्ड्याच्या बाजूला पडते आणि काम पुढे सरकेल तशी रुंदावत जाते. भेगेवर आडवी काचेची पट्टी दोन्ही टोकांना प्लॅस्टरने चिकटवा, तारीख लिहा. काच तडकली तर हालचाल चालू आहे. शेजारच्या खड्ड्याला शोअरिंग (कडा ढासळू नयेत म्हणून दिलेला आधार) आहे का, त्याचे फोटो आजच काढा. पाहणी होईपर्यंत भेगा बुजवू नका, पुरावाच जातो.

काळी_माती_परभणी
मग पैसे कोणाकडून?

विमा_सल्लागार
शेजारी मालक आणि ठेकेदार, दोघांना लेखी नोटीस द्या, पोच घ्या, प्रत महापालिकेला. ठेकेदाराची 'कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क' (बांधकामाच्या जोखमीचा विमा) पॉलिसी असेल तर तिची प्रत मागा. त्यात तिसऱ्या पक्षाचं नुकसान असतं, पण कंपनं किंवा आधार काढल्याने झालेलं नुकसान बहुधा वेगळी जोड (अॅड-ऑन कव्हर) घेतल्याशिवाय मिळत नाही. नेमकी तीच जोड तपासा.
स्वतःच्या कंपनीलाही कळवा, तोंडी नकारावर थांबू नका. नकार लेखी आला की आधी कंपनीकडेच तक्रार. महिन्यात उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल (विमा तक्रारींवर निर्णय देणारा अधिकारी). तिथे 50 लाखांपर्यंतचे दावे चालतात, वकील लागत नाही. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून वर्षभरात अर्ज करावा लागतो.