मदत हवी आहे: सेट टॉप बॉक्स बदलायचाय, हार्ड डिस्कवरची रेकॉर्डिंग कशी वाचवू?

पोटमाळा:
नमस्कार मंडळी. डीटीएचचा रेकॉर्डिंगवाला एचडी बॉक्स आहे, त्याच्या यूएसबीला १ टीबीची डिस्क. त्यात नाट्यसंगीत आणि कीर्तनाची साधारण ६० तासांची रेकॉर्डिंग. बॉक्स दिवसातून तीन-चारदा आपोआप रीस्टार्ट होतो, रेकॉर्डिंग चालू असलं की हमखास. बदलून मिळणार आहे, पण जुना परत द्यावा लागेल. डिस्क लॅपटॉपला लावली की विंडोज 'फॉरमॅट करा' म्हणतं. अजून 'नाही' दाबतोय.
नव्या बॉक्सवर ही रेकॉर्डिंग चालतील का? डिस्कचं क्लोन (हुबेहूब प्रत) करून उपयोग होईल का? एचडीएमआयमधून कॅप्चर करावं का, म्हणजे टीव्हीकडे जाणारं चित्र लॅपटॉपवर पुन्हा रेकॉर्ड करावं का?

तारायंत्री:
'नाही'च दाबत राहा. बहुतेक बॉक्स डिस्क लिनक्सच्या पद्धतीने फॉरमॅट करतात. विंडोजला ती वाचता येत नाही, म्हणून तो संदेश. डिस्क बिघडलेली नाही.

मात्र लिनक्सवर उघडूनही फारसं हाती लागणार नाही. चॅनल छत्रीपर्यंत कुलूपबंद येतं, बॉक्स ते दाखवण्यापुरतं उघडतो आणि डिस्कवर लिहिताना स्वतःचं कुलूप पुन्हा लावतो. या दुसऱ्या कुलपाची किल्ली त्याच बॉक्सच्या चिपमध्ये असते. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या बॉक्समध्येही ती नसते. म्हणून नव्या बॉक्सवर चालणार नाहीत, आणि क्लोन म्हणजे त्याच बंद पेटीची दुसरी बंद पेटी. कोडेक बदला, प्लेअर बदला असे सल्ले मिळतील. वेळ घालवू नका. रेकॉर्डिंगची सोय असलेल्या बॉक्सला कॉपी संरक्षण हवंच, असं ट्रायच्या (दूरसंचार आणि प्रसारणाच्या नियामकाच्या) नियमातच आहे.

बऱ्याच बॉक्सवर पॅक संपला की जुनी रेकॉर्डिंगही उघडत नाहीत. काम होईपर्यंत रिचार्ज चालू ठेवा.

आता मुद्द्याचं. रेकॉर्डिंगच्या वेळीच रीस्टार्ट होत असेल तर पहिला संशय अ‍ॅडॉप्टरवर. यूएसबी २.० पोर्टने ५०० मिलिअँपिअर देणं अपेक्षित असतं, पोर्टेबल डिस्क फिरायला लागताना त्याहून जास्त ओढते, आणि म्हातारा अ‍ॅडॉप्टर तिथेच मान टाकतो. मूळ अ‍ॅडॉप्टरवरचं लेबल वाचा. १२ व्होल्ट असेल तर १२च, अँपिअर तेवढेच किंवा जास्त, पिनचा आकार आणि आतला-बाहेरचा प्लस-मायनस तोच. डिस्क स्वतःचा अ‍ॅडॉप्टर असलेल्या यूएसबी हबवरून जोडता आली तर उत्तम. काही बॉक्स मात्र हब ओळखत नाहीत. बॉक्स सुधारला तर बदलीची घाई उरत नाही.

पोटमाळा:
लेबलवर १२ व्होल्ट, १.५ अँपिअर आहे. नवीन आणतो. पण बॉक्स कधी ना कधी जाणारच. एचडीएमआयचं कुलूप काढणारा स्प्लिटर (एक सिग्नल दोन ठिकाणी देणारी डबी) मिळतो म्हणे?

वकिलीबाणा:
त्या वाटेला जाऊ नका. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ३९: प्रसारणाचं स्वतःच्या खासगी वापरासाठी केलेलं रेकॉर्डिंग हा हक्कभंग नाही. पण २०१२च्या दुरुस्तीत ६५अ आलं. हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक संरक्षण मोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. घरी बघायला ठेवणं निराळं, नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकणं निराळं. शिवाय स्क्रीनवर मधूनच जो आकडा चमकतो, तो तुमच्याच बॉक्सचा किंवा कार्डाचा असतो. कॅप्चरमध्ये तोही येतो.

तारायंत्री:
एचडीएमआयवर कॉपी रोखणारं कुलूप असतं, म्हणून साध्या कॅप्चर कार्डाला तिथून काळी स्क्रीनच मिळेल. बॉक्सला लाल-पांढरी-पिवळी एव्ही आउट असेल तर ती वापरा. चित्र ५७६ रेषांचं मिळेल, एचडी गेलं. कीर्तनाला चालून जातं.

लागेल काय: एव्ही इनपुटचं यूएसबी कॅप्चर, लॅपटॉप, ओबीएस (रेकॉर्डिंगचं मोफत सॉफ्टवेअर). व्हिडिओ पाल (आपल्याकडची जुनी टीव्ही पद्धत), ७२० × ५७६. कॅनव्हास (ओबीएसमधली चित्राची चौकट) चित्र ४:३ असेल तर ७६८ × ५७६, १६:९ असेल तर १०२४ × ५७६. नाहीतर बुवा उभट, लुकडे दिसतील. डीइंटरलेस (हलत्या चित्रातल्या आडव्या रेघा घालवणं) यादिफ, सेकंदाला २५ फ्रेम, सीआरएफ (दर्जाचा आकडा, कमी तितका चांगला) २०. फाइल एमकेव्ही ठेवा, मध्येच वीज गेली तरी तोवरचं वाचतं. तासाला साधारण एक ते दीड जीबी, म्हणजे ६० तासांना १०० जीबी मोकळी ठेवा.

बॉक्सचा आवाज ८०-९० टक्क्यांवर. कमी ठेवून नंतर वाढवलात तर खरखरही वाढते. बॉक्सचं ऑटो स्टँडबाय आणि लॅपटॉपची झोप दोन्ही बंद. ओबीएसच्या टूल्समध्ये आउटपुट टायमर आहे, तो लावा. ६० तासांना ६० तासच लागतात, म्हणून नावडती रेकॉर्डिंग सोडून द्या.

आधी पाच मिनिटांची चाचणी. चित्र आळीपाळीने उजळ-काळपट होत असेल, तर त्या कार्यक्रमाला एव्हीवरही कॉपी संरक्षण आहे. तिथे थांबा.

छत्रीवाला:
पुढच्यासाठी: सह्याद्रीवरचं हवं असेल तर डीडी फ्री डिश बघा. उपग्रह जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्व. खुल्या चॅनलवर साधा यूएसबीवाला बॉक्स बहुधा अशी टीएस (प्रसारण जसंच्या तसं साठवणारी) फाइल देतो की व्हीएलसी प्लेअरमध्ये थेट चालते. पेन ड्राइव्ह फॅट३२ असेल तर फाइल ४ जीबीला तुटते, घाबरू नका, तुकडे नंतर जोडता येतात. पीसीला डीव्हीबी-एस२ ट्यूनर (छत्रीचा सिग्नल थेट घेणारं कार्ड) लावलात तर बॉक्सही नको.

पोटमाळा:
अ‍ॅडॉप्टर बदलला, कालपासून रीस्टार्ट नाही. एव्हीवर मात्र चित्र येत नाही, नुसती गुणगुण. बॉक्सला ३.५ मिमीचं भोक आहे, वायर दुसऱ्या यंत्राची.

तारायंत्री:
वायरच चुकीची. त्या पिनवर चार पट्टे असतात आणि प्रत्येक कंपनीचा क्रम वेगळा. आधी पिवळी काढून कॅप्चरच्या लाल भोकात आणि लाल पिवळ्यात घाला. चित्र आलं तर काम झालं. नाहीच आलं तर ग्राउंड वेगळ्या पट्ट्यावर आहे, मग त्याच बॉक्सची वायर शोधायला हवी.