फीडबॅक मागायचा आणि दिला की रुसायचं, हे काय बे?

जुळे_सोलापूरकर:
परवा इथं एका ताईंनी आपल्या सिद्धेश्वर यात्रेतला नंदीध्वज, म्हणजे तो उंच मानाचा ध्वज, पेलणाऱ्या मानकऱ्याचं डिजिटल पेंटिंग टाकलं आणि खाली लिहिलं "बिनधास्त फीडबॅक द्या". मी दिला. तर काल त्यांच्या मैत्रिणीची हातभर पोस्ट, की ज्याला स्वतःला पाय काढता येत नाही त्यानं दुसऱ्याच्या पायाला नावं ठेवू नयेत. अरे मग जेवणात मीठ कमी आहे म्हणायलाही आचारीच लागणार का?
मी काय म्हणालो होतो? एवढा उंच ध्वज, वजन सगळं कमरेवर, आणि माणूस सात रस्त्याला रिक्षाची वाट बघत असल्यासारखा सरळ उभा. वजन पुढं असलं की माणूस मागं रेलतो, पाय फाकतो, गुडघे थोडे वाकतात. दुसरं, ऊन चेहऱ्यावर डावीकडनं आणि अंगातल्या पांढऱ्या बाराबंदीच्या घड्यांवर उजवीकडनं. तिसरं, चित्र ब्लॅक अँड व्हाईट करून बघा, चेहरा आणि मागचं आभाळ एकाच करड्या रंगात जातंय. यात अपमान कुठाय?

चादरवाली_नात:
ती मैत्रीण मीच. सगळं सांगितलंस, पहिली कमेंट तेवढी गाळलीस. तिची फाईल डाउनलोड करून, तिला न विचारता, त्यावर लाल ब्रशनं रेघोट्या ओढून परत टाकलीस, वर लिहिलंस "अॅनाटॉमीचा पत्ता नाही, असं पाहिजे होतं". हे तीन शहाणे मुद्दे दुसऱ्या दिवशी आले, लोक बोलायला लागल्यावर.

जुळे_सोलापूरकर:
पेंटओव्हरनंच, म्हणजे चित्रावरच दुरुस्ती रंगवून दाखवली तरच कळतं. गुडघा शब्दांत कसा वाकवणार? आणि "बिनधास्त" मी लिहिलं नव्हतं.

फ्लेक्सभाऊ:
तुमचं बरंय, गुडघ्यावर भांडताय. मी बारा वर्षं फ्लेक्स करतोय, मला फीडबॅक एकच, "साहेबांचा फोटो मोठा करा". मग दुसऱ्या साहेबांचा माणूस येतो, तो पण मोठा करा म्हणतो. मोबाईलवर निळा चमकतो तसा फ्लेक्सवर का नाही, ते सांगून तोंड दुखलं, स्क्रीन उजेड फेकते आणि शाई उजेड खाते, एवढं साधं आहे. वर ओळखीतलं म्हणून पैसे नाहीत. चित्रकार एम. एफ. हुसेन आपल्या पंढरपूरचे, १९१५ चा जन्म, मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवत होते, त्यांना कोण ब्लॅक अँड व्हाईट करून व्हॅल्यू, म्हणजे उजेड-अंधाराचा फरक, तपासायला सांगत होतं?

हुरडापार्टी:
पाय राहू द्या, बाराबंदी बघा आधी. थेट शुद्ध पांढरा भरलाय. जानेवारीतल्या उन्हात पांढऱ्या कापडाची सावली निळसर पडते, खालनं मातीचा उजेड लागतो तिथं पिवळसर. आणि बंद चारच. बारा बंद म्हणून बाराबंदी ना?

चादरवाली_नात:
पदरावर पदर येतो, आतले बंद बाहेरनं कसे दिसतील?

हुरडापार्टी:
चारच दिसतील असं कुणी ठरवलं? माझे मामा दरवर्षी घालतात.

जुळे_सोलापूरकर:
आले मामा.

हुरडापार्टी:
मामांवर जायचं काम नाही. ते यात्रेआधी सराव करून ध्वज पेलतात, तू एसीत बसून लाल ब्रश पेलतोस.

फ्लेक्सभाऊ:
मला एका मंडळानं बंद मोजून फ्लेक्स परत पाठवला होता. खरं सांगतोय. परत छापायचे पैसे माझ्याच खिशातले.

चादरवाली_नात:
बंद सोडा हो आता. माझे आजोबा चादरीच्या कारखान्यात ग्राफ पेपरवर डिझाइन भरायचे. त्यावरनं जेकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राच्या, पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पडायची. एक चौकोन चुकला की चादरीवर तो मोर जितक्या वेळा येणार तितक्या वेळा चोच तुटकी. त्यांचे मास्तर ग्राफ बघायचे, चुकलेल्या चौकोनावर बोट ठेवायचे आणि चहाला निघून जायचे. खोडायचं आजोबांनीच. मास्तरांनी त्यांच्या हातातली पेन्सिल कधी घेतली नाही. तू पेन्सिलच हिसकावलीस, माझं म्हणणं एवढंच आहे.

जुळे_सोलापूरकर:
गोष्ट झकास. पण चादर वाया गेली की मास्तर चहाला जात नसतील, शिव्या घालत असतील. आजोबांनी नातीला गोड करून सांगितलं.

चादरवाली_नात:
शिव्या घालायचेच. तेलुगूत. पण पेन्सिल घेत नव्हते.

रंगपेटी_०७:
चित्र माझं आहे. दोन दिवस वाचतेय, तुम्ही माझ्या चित्राखाली बंद मोजत भांडलालाव. "बिनधास्त" लिहिलं ही चूक माझी, मला चेहऱ्याबद्दल विचारायचं होतं. तो माझ्या वडिलांचा चेहरा आहे, त्यावर एकानं एक शब्द लिहिला नाही, आभाळात मिसळतोय एवढंच कळलं.
रविवारी पाण्याचा वीस लिटरचा जार पोटाशी धरून आरशासमोर उभी राहिले. मागं रेलले, पाय आपोआप फाकले. म्हणजे पाय चुकलाच होता. पण जुळेभाऊ, तुमची लाल रेघ नीट बघा. उजवा गुडघा उलटा वाकलाय. बगळ्याचा आहे तो पाय.

जुळे_सोलापूरकर:
...घाईत काढला होता. गुडघ्याचं मान्य. न विचारता टाकला तेही, बरं, मान्य. उन्हाचं काय?

रंगपेटी_०७:
ऊन तुमचं बरोबर. बाराबंदीवरची उजेडाची लेयर फ्लिप केलेली, म्हणजे डावी-उजवी उलटलेली, तशीच राहिली होती. नवीन फाईल टाकली की फक्त चेहरा बघायचा. लाल ब्रश घरी ठेवून या.

हुरडापार्टी:
आणि बंद?

रंगपेटी_०७:
मामांचा फोटो पाठवा, मोजते.

फ्लेक्सभाऊ:
ताई चित्र लई भारी आहे. यात्रेच्या फ्लेक्सला वापरू का? पैशाचं जमणार नाही, पण खाली नाव टाकतो तुमचं. साहेबांच्या फोटोतनं जागा उरली तर.