मदत हवी आहे : २०१८ मधले ‘मुलं पळवणारी टोळी’चे जुने मेसेज

नमस्कार मंडळी. व्हॉट्सॲपवरच्या अफवा आणि त्यातून होणारी हिंसा यावर मी पीएचडी करतेय. १ जुलै २०१८ ला राईनपाड्यात (ता. साक्री, जि. धुळे) भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठेचून मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात फॉरवर्डवर पाच चॅटची मर्यादा घालायचं जाहीर केलं.

कराचीतल्या बालसुरक्षेच्या जाहिरातीत मूल पळवल्याचं नाटक होतं; तिचा शेवट कापून तो व्हिडिओ खरा म्हणून तेव्हा देशभर फिरला. पण त्याखाली मराठीत काय लिहिलं जायचं? ‘पोलिसांनी कळवलंय’ असं असायचं का? टोळीचं वर्णन करताना कपडे, झोळी, बोली, नेमकं कशावर बोट ठेवलेलं असायचं? भटक्यांकडे बघायची आपली नजर मला तिथेच सापडेल असं वाटतं.

मे-जून २०१८ मधले असे मेसेज किंवा ऑडिओ क्लिप कुणाच्या जुन्या फोनमध्ये, बॅकअपमध्ये असतील तर कृपया कळवा. पाठवणाऱ्यांची नावं, नंबर खोडूनच द्या. मारहाणीचे व्हिडिओ मात्र कृपा करून पाठवू नका. त्या कुटुंबांचं दुःख पुन्हा फिरवायचं नाहीये.

अहिराणी क्लिप ऐकून उतरवून देणारं कुणी आहे का? मानधन देईन.