हाड जुळलं, झोपेचं काय? जखमी रुग्णांना डिस्चार्जआधीच मनाचे प्रश्न विचारावेत का?

कुबडी
मी फिजिओथेरपिस्ट. हाडं जुळली की माणसं माझ्याकडे येतात. मध्यंतरी एक गृहस्थ आले, अपघाताला आठ महिने झालेले. गुडघा 110 अंशांपर्यंत वाकतोय, चाल बरी. पण बाहेर कुणी करकचून ब्रेक लावला की हातातला बार सोडेनात. बायको हळूच म्हणाली, "रात्री दिवा मालवू देत नाहीत." इतक्या महिन्यांत त्यांचे एक्स-रे किती निघाले ते मोजलं नाही, पण झोपेबद्दल एकानेही विचारलं नव्हतं.

विचारायची साधनं आहेत. इंजर्ड ट्रॉमा सर्व्हायव्हर स्क्रीन म्हणजे हो-नाही उत्तरांचे फक्त 9 प्रश्न. पूर्वी कधी मानसिक आजाराचं निदान किंवा औषध? जखम झाली तेव्हा आता मरतो असं वाटलं का? कुणी मुद्दाम केलं असं वाटतं का? पीटीएसडी (मोठ्या आघातानंतर मनात घर करून बसणारा त्रास) आणि नैराश्य यांचे गुण वेगवेगळे धरतात, कुठल्याही एका बाजूला 2 'हो' आले की रुग्ण जोखमीचा. अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सच्या 2022 च्या मानकांनुसार मोठ्या ट्रॉमा सेंटर्सना असा रुग्ण ओळखून पुढे पाठवायची पद्धत ठेवावीच लागते. आणि जखम किती मोठी, यावरून मनाचा अंदाज बांधता येत नाही. चार टाक्यांचा माणूस कोलमडतो, मांडीचं हाड मोडलेला हसत घरी जातो. म्हणून माझं मत: प्रत्येकाला विचारा.

रात्रपाळी
विचारणं सोपं आहे हो. मी वॉर्डात नर्स आहे. तिसऱ्या दिवशीचा रुग्ण अर्धवट गुंगीत असतो, वेदनाशामक चालू, झोप नाही. "नेहमीपेक्षा जास्त दचकता का?" असं विचारलं तर शेजारच्या मॉनिटरच्या टूंटूं आवाजाने मीसुद्धा दचकते!

हिशोब मांडू. समजा 100 जखमींपैकी 20 जणांना पुढे त्रास होणार आहे. या प्रश्नांच्या चाळणीत त्यातले 15 सापडले आणि उरलेल्या 80 पैकी 20 उगाच अडकले. म्हणजे 35 कागदांवर लाल खूण, त्यातल्या 20 जणांना काहीच होणार नव्हतं, आणि खरे 5 निसटलेच. या 35 जणांना बघणार कोण? जागतिक आरोग्य संघटनेसाठी विल्सन आणि युंगनर यांनी 1968 मध्येच तपासणीच्या अटी लिहून ठेवल्यात: पुढच्या उपचाराची सोय नसेल तर चाळणी लावू नका.

शिवाय चांगल्या हेतूने घात होतो. 'डीब्रीफिंग'ची लाट आठवते का? अपघातानंतर लगेच, एकाच बैठकीत सगळी हकीकत वदवून घ्यायची. ब्रिटनमध्ये रस्ते अपघातातल्या रुग्णांवर त्याची चाचणी झाली, 2000 साली तीन वर्षांनंतरचे निष्कर्ष आले. सुरुवातीला जास्त हादरलेल्यांपैकी ज्यांना ही बैठक मिळाली, ते तसेच राहिले. ज्यांना मिळाली नाही, ते सावरले.

कुबडी
@रात्रपाळी, डीब्रीफिंगचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण तो माझ्याविरुद्ध कसा? मी हकीकत उकरा म्हणत नाहीये. नऊ हो-नाही विचारा आणि लक्ष ठेवा, एवढंच. उलट सगळ्यांनाच सरसकट समुपदेशनाला बसवायचं नसेल, तर कुणाला बसवायचं हे ठरवायला चाळणी लागणारच ना?

जुना_खोडसाळ
जरा दचकलं की आजार, रडू आलं की आजार. अपघात झाल्यावर माणूस घाबरणारच! महिन्याभरात बहुतेक जण आपोआप ताळ्यावर येतात.

कुबडी
बहुतेक येतात, बरोबर. म्हणूनच महिना उलटेपर्यंत पीटीएसडीचं निदान करत नाहीत. प्रश्न उरलेल्यांचा आहे.

प्लास्टरवाला
इथे सगळे विचारणारेच दिसतायत, मी उत्तर देणारा. मला विचारलं होतं. सकाळच्या राउंडला, पलंगाभोवती दोन मेव्हणे आणि आई उभी असताना. "मन वगैरे ठीक ना?" ठीक म्हटलं. आईसमोर दुसरं काय सांगणार? दुसऱ्या एका दवाखान्यातून चौथ्या आठवड्यात फोन आला, ड्रेसिंगबद्दल. बाईंनी जाता जाता विचारलं, "गाडीत बसता का परत?" मी गप्प. त्याही गप्प राहिल्या, फोन ठेवला नाही त्यांनी. मग मी बोललो.

(अवांतर: 'मन वगैरे' हा शब्दप्रयोग बंद करा राव.)

रात्रपाळी
@प्लास्टरवाला, हे पटलं. राउंडमध्ये असंच विचारलं जातं, मीही विचारलंय.

कुबडी
मग माझं म्हणणं थोडं बदलतो. वॉर्डात विचारायचं ते नातेवाइकांना बाहेर पाठवून, गुंगी उतरल्यावर. आणि तेवढ्यावर सोडायचं नाही. डिस्चार्ज कार्डावर टाके काढायची तारीख असते, तिच्याखालीच चौथ्या आठवड्यातल्या फोनची तारीख टाका. वॉर्डात निसटलेले तुमचे 5 जण तिथे सापडण्याची शक्यता जास्त.

रात्रपाळी
तारीख टाकायला माझी ना नाही. पण फोनवर समोरचा म्हणाला, "जगण्यात राम नाही," तर त्याच क्षणी मी कुणाला जोडून देऊ? कार्डावर ते नाव आणि नंबर आधी भरा. मग माझी सही घ्या.